टिन दुपारी, स्लॅब रात्री : उत्तर नागपुरातल्या एका वस्तीच्या उन्हाळी नोंदी, २०२४

१० मार्च, रविवार

विहाराच्या ओट्यावर पहिली बैठक झाली. सहा जण आले: इलेक्ट्रिशियन भाऊ, दोन कॉलेजची पोरं, आशाताई (वस्तीच्या आशा सेविका), पेंटर दादा आणि मी. वर्गणी २१,४०० रुपये. वहीत लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांचं म्हणणं की रिटायर माणसाला दुसरं काम काय असतं.

हे सगळं कशापायी, ते एकदा लिहून ठेवतो. २०२२ च्या मे महिन्यात आमच्या गल्लीतले काका उन्हानं गेले. ते दुपारी कुठंही गेले नव्हते. 'बारा ते चार घराबाहेर पडू नका' हे त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. टिनाच्या खोलीत पंख्याखाली पडून होते. मुलगा सहाला कामावरून आला तेव्हा काका बरळत होते आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं, पण उशीर झाला होता.

म्हणजे सल्ला चुकला की घर चुकलं? २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ साली उष्माघात-कृती आराखडा केला, नागपुरात तो २०१६ ला आला. त्यातून सूचनांची पत्रकं निघतात, लाउडस्पीकर फिरतात, इस्पितळांत कोल्ड वॉर्ड उघडतात. ते चांगलंच आहे. पण घर बाहेरच्यापेक्षा थंड असतं हे त्या एका वाक्यात गृहीतच धरलेलं आहे. आमच्या वस्तीत ते कितपत खरं आहे, हे मोजायचं ठरलं.

१७ मार्च, रविवार

सहा डिजिटल थर्मामीटर आणले, आर्द्रता दाखवणारे. सगळे एका टेबलावर रात्रभर शेजारी-शेजारी ठेवले. पाच अर्ध्या अंशाच्या आत राहिले, सहावा दोन अंश जास्त दाखवतो. त्याला लाल टेप लावून बाजूला काढला. दुकानदार बदलून देत नाही म्हणाला.

लावायची जागा ठरली: खाटेवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, भिंतीपासून सुटा, चुलीपासून लांब आणि कूलरच्या झोतात नाही. घरं पाच. त्यातली ४, ११ आणि २३ टिनाची, तर १४ आणि १९ स्लॅबची. स्लॅबची दोन घरं तुलनेसाठी घेतली, 'बरी घरं' म्हणून. हे वाक्य पुढं मागं घ्यावं लागणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

३१ मार्च, रविवार

नोंदी चालू. दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री दहा, पहाटे पाच. पहाटेची वेळ पाळायला पोरं कुरकुर करतात.

घर ४ मधल्या आजींनी थर्मामीटर देवाजवळ ठेवला होता, दिव्याच्या बाजूला. दोन दिवसांच्या नोंदी खोडल्या.

७ एप्रिल, रविवार

घर ११ च्या टिनावर चुना मारून पाहिला. चुना आदल्या रात्री भिजवला, गाळला, त्यात चिकटण्यासाठी डिंक घातला. पेंटर दादाचा सुरुवातीपासून विरोध होता. "टिनावर चुना धरत नाही भाऊ, स्लॅबवर धरते." आम्हाला पैसे वाचवायचे होते, म्हणून आम्ही ऐकलं नाही.

सकाळी साडेसहाला सुरू करून नऊला खाली. चढणाऱ्याला दोन नियम: पाय फक्त स्क्रूच्या रांगेवर टाकायचा, कारण खाली आडवा पाइप तिथंच असतो, आणि चष्मा लावल्याशिवाय चुन्याला हात नाही. चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. बादलीभर स्वच्छ पाणी वर नेऊन ठेवलं होतं, ते लागलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार (पाडवा)

आज एका पोरानं उधारीवर इन्फ्रारेड बंदूक आणली, लांबून पत्र्याचं तापमान दाखवणारी. आणि गोंधळ झाला. घर २३ चा नवा, चकचकीत पत्रा ३४ दाखवत होता, आमचा चुना मारलेला ४१. म्हणजे आम्ही पत्रा गरम केला? पोरं हसायला लागली. मी पत्र्याला हात लावला आणि तसाच झटक्यानं मागं घेतला.

चूक बंदुकीची नव्हती, आमच्या समजेची होती. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर फेकतो. त्याच्याकडे बंदूक धरली की त्यात आकाशाचं प्रतिबिंबच मोजलं जातं. इलेक्ट्रिशियन भाऊनं आपली काळी इन्सुलेशन टेप पत्र्यावर चिकटवली, पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि बंदूक टेपवर धरली: ५८. चुन्यावरच्या टेपवर ४२.

यातून आणखी एक गोष्ट कळली. चमकदार पत्रा ऊन परतवतो, पण जेवढं शोषतो तेवढं सोडत नाही, म्हणून तापत जातो. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि तापलेलं सोडूनही देतो.

१२ एप्रिल, शुक्रवार

अवकाळी. गारांनी घर ११ चा चुना निम्मा सोलून काढला, उरलेला पोपडे धरून आहे. पेंटर दादा काही बोलला नाही, नुसता पत्र्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. ठरलं: टिनाला कूल रूफ पेंट, म्हणजे ऊन परतवणारा पांढरा रंग, स्लॅबला चुना. पेंट महाग, म्हणून टिनाची फक्त आठ घरं होतील. कोणती आठ, ते आशाताईंनी ठरवायचं: म्हातारं माणूस, लहान मूल, गरोदर बाई किंवा अंथरुणाला खिळलेला पेशंट ज्या घरी आहे ती.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. रात्रभर वस्ती जागी होती. आजपासून विहारासमोर पाणपोई सुरू. सहा माठ, लाकडी स्टँड, खाली वाळू. प्रत्येक माठाला झाकण आणि लांब दांड्याचा डोया, ग्लास माठात बुडवायचा नाही. रोज सकाळी माठ रिकामे करून घासायचे, हे काम दोन-दोन घरांना वाटून दिलं.

माठ झाडाखाली, पण वारा लागेल असा ठेवायचा. बंद कोपऱ्यात ठेवला तर पाणी झिरपतं पण वाळत नाही, आणि वाळलं नाही तर गार होत नाही. हे आमच्या आजीला माहीत होतं, मला मात्र साठी ओलांडल्यावर कळलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदान. रांगेसाठी म्हाताऱ्यांना सातलाच नेलं. नोंदी दुपारच्या राहिल्या.

५ मे, रविवार

आज वही घेऊन शांत बसलो आणि आकडे एकाखाली एक लिहिले. २९ एप्रिल ते ४ मे, सहा दिवसांची सरासरी.

घर २३ (टिन, रंग नाही): दुपारी तीनला ४३, रात्री दहाला ३४.

घर ४ (टिन, पेंटचे दोन हात): दुपारी ३९, रात्री ३३.

घर १९ (स्लॅब, चुना नाही): दुपारी ३८, रात्री दहाला ३८.

शेवटची ओळ मी तीनदा तपासली. रात्री दहाला बाहेर गल्लीत ३३ होते, टिनाची घरं बाहेरच्याइतकीच निवली होती, आणि स्लॅबचं घर, आमचं 'बरं घर', दुपारी होतं तिथंच अडकलेलं. मधल्या सातच्या नोंदीत तर ते ३९ वर होतं.

विचार केला की सरळ आहे. पत्रा पातळ असतो. सूर्य आला की तासाभरात तापतो, गेला की तासाभरात निवतो. स्लॅब चार-पाच इंच काँक्रीटचा. दुपारचं ऊन वरून आत उतरायलाच त्याला काही तास लागतात. आपण जेवून आडवे होतो तेव्हा ते छताच्या खालच्या बाजूला पोचलेलं असतं, आणि मग दोन वाजेपर्यंत अंगावर ओसरत राहतं.

टिन दुपारी मारतं, स्लॅब रात्री. दोन्ही घरांना एकच सल्ला कसा चालेल?

७ मे, मंगळवार

कालच्या बैठकीत हा मुद्दा मांडला तर पोरं म्हणाली, मग स्लॅबवाल्यांनी रात्री बाहेर झोपावं, आमचे बाबा झोपतातच की. आशाताई म्हणाल्या, "बाबा झोपतात. आई कुठं झोपते?"

कोणीच उत्तर दिलं नाही. रात्री दहानंतर गल्लीतून एक फेरी मारली. दारासमोर सतरा खाटा. सगळ्या पुरुषांच्या नि पोरांच्या. बाया, पोरी आणि ज्यांना उठवत नाही अशी म्हातारी माणसं आत, दार लावून. म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत गरम खोल्यांत, सगळ्यांत गरम वेळी, ज्यांना ते सोसवत नाही तीच माणसं. अंगाला दिवसाचा ताप उतरवायला रात्रच मिळते. ती मिळाली नाही तर दुसरा दिवस आदल्या दिवसाच्या थकव्यावर चढतो.

माझ्या स्वतःच्या घरीही हेच चालू आहे, हे लिहिताना लक्षात आलं. मी गच्चीवर झोपतो. ही खाली.

१० मे, शुक्रवार (अक्षय तृतीया)

ठरलेल्या गोष्टी. एक, टिनवाल्यांसाठी विहाराचा हॉल रोज साडेअकरा ते साडेपाच उघडा. छत उंच, खिडक्या समोरासमोर, दोन कूलर. दोन, स्लॅबच्या सगळ्या घरांना चुना, चिकटतो तिथं. तीन, हॉल रात्री दहा ते पाच फक्त बायांसाठी, किल्ली आशाताईंकडे.

तिसऱ्यावर बराच वाद झाला. "घरच्या बाया काहून जाईन तिकडं झोपाले?" असं एक काका म्हणाले. त्यांच्या सूनबाई पहिल्याच रात्री आल्या, लेकीला घेऊन.

घरोघरी नवे माठ, पन्हं. आजचं पन्हं प्यायलो नसतो तर ही नोंद लिहिण्याचं त्राण नव्हतं.

१६ मे, गुरुवार

कूलरची तपासणी. नागपुरात उन्हानं माणसं जातात तशी कूलरच्या शॉकनंही जातात, आणि त्यात लेकरंही. लोखंडी डबा, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय. यापेक्षा वाईट जोडणी शोधून सापडायची नाही.

वस्तीत २६ कूलर निघाले. भाऊनं एकेकाचं पाहिलं. नऊ कूलरना दोन पिनांचा प्लग होता, म्हणजे अर्थिंग नाहीच. चार ठिकाणी तीन पिनांचा प्लग होता, पण भिंतीतल्या सॉकेटमध्ये अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. तीन पिना बघून माणूस निर्धास्त होतो, म्हणून हे चार मला त्या नऊंपेक्षा जास्त वाईट वाटतात. दोन कूलरच्या डब्यात चक्क करंट उतरत होता. त्यातल्या एका घरची बाई म्हणाली, "थोडं झिणझिण्या येते जी, पन आता सवय झाली."

ते दोन्ही तिथल्या तिथं बंद केले. पंपाची वायर पाण्यात सोललेली होती. दुरुस्तीनंतर भाऊनं अकरा घरांत आरसीसीबी बसवला, जो करंट भलतीकडे जायला लागला की क्षणात लाइन तोडतो. बाकीच्यांचे पैसे पुढच्या महिन्यात.

सगळ्यांना एकच गोष्ट परत परत सांगितली. पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढायचा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कितीदा न्यूट्रलवर बसवलेला असतो. पंखा थांबतो, पण डब्यापर्यंत लाइन तशीच.

जाता जाता: टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायची. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात.

आणि कूलर बंद खोलीत ठेवू नये. खिडकीत बसवावा, समोरचं दार किलकिलं ठेवावं. हवा बाहेर गेली नाही तर खोलीचं हमाम होतं. निम्म्या घरांत कूलर खोलीच्या मधोमध होते.

२५ मे, शनिवार

नवतपा लागला. सूर्य रोहिणीत, आता नऊ दिवस. तापमानाच्या आकड्याचा नागपूरकरांना जरा अभिमानच असतो, 'आमच्याकडे पंचेचाळीस' असं पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगताना छाती फुगते. हवामान खात्याच्या हिशोबानं आमच्यासारख्या मैदानी भागात पारा ४५ ला टेकला की उष्णतेची लाट, ४७ ला तीव्र लाट. त्याच्या खालीही, चाळीसच्या वर असताना नेहमीपेक्षा साडेचार अंश चढला तर लाटच. उष्ण रात्रीचीही व्याख्या आहे: दिवसाचा पारा किमान चाळीस आणि रात्रीचा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर. ती कोणी छाती फुगवून सांगत नाही.

आशाताईंनी ३४ नावांची यादी केली. रोज दोन फेऱ्या: टिनाच्या घरांत दुपारी दोनला, स्लॅबच्या घरांत रात्री नऊला. विचारायचे प्रश्न साधे. लघवी कितीदा झाली, रंग कसा? बोलणं नेहमीसारखं आहे का? बीपीसाठी लघवीची गोळी किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर नावापुढं खूण. अशा माणसाला ऊन लवकर लागतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

ओआरएस आरोग्य केंद्रातून मिळालं. संपलं तर घरचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, 'अंदाजे' चालत नाही. खिशातल्या कांद्याबद्दल वाद घालायचा नाही असं ठरवलंय; ज्याला ठेवायचा त्यानं ठेवावा आणि पाणीही प्यावं.

२८ मे, मंगळवार

आज लिहायला हात थरथरतोय, तरी वेळा विसरण्याआधी लिहितो.

३:१०. बांधकामावरून परतलेल्या मावशी पाणपोईजवळ बसल्या आणि भलतंच बोलू लागल्या. मला त्यांनी त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारली. अंगाला घाम होता. जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, घाम येऊन राहिला म्हणजे ऊन नाही लागलं. आशाताईंनी त्याला गप्प केलं. कष्टाचं काम करताना ऊन लागलं तर घाम असतोच. डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं पाहायचं.

३:१३. १०८ ला फोन. तोवर वाट बघत बसलो नाही. हॉलमध्ये खाटेवर निजवलं, पाणपोईचे तीन माठ अंगावर ओतले, ओली चादर टाकली, दोन्ही कूलर त्यांच्याकडे वळवले. पोरं टपरीवरून बर्फ घेऊन आली, तो फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत. तोंडात पाणी कोणाला घालू दिलं नाही, शुद्ध नसताना ते श्वासनळीत जातं. आशाताईंच्या थर्मामीटरवर काखेत १०४.८. आतलं त्याहून जास्तच असणार.

३:३५. स्वतःचं नाव सांगितलं.

३:४१. गाडी आली. सोबतच्या माणसानं चादर काढली नाही, ओलीच राहू दिली.

रात्री निरोप आला, बोलताहेत, दोन दिवस ठेवणार. त्या ज्या साइटवर होत्या तिथं दुपारची सुटी एक वाजता व्हायची ती स्लॅब भरायचा म्हणून झाली नव्हती. उद्या दोघं जण ठेकेदाराला भेटायला जातील. मी गेलो तर भांडण होईल.

२ जून, रविवार

तीन दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा. ३० तारखेला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले. टीव्हीवर नागपूर देशात पहिलं. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. परिसरातल्या इतर काही केंद्रांवर त्या दिवशी ४४ च्या आसपास होते. दिल्लीच्या मुंगेशपूरला आदल्याच दिवशी ५२.९ चा असाच प्रकार झाला.

पोरांना लाल टेपवाला सहावा थर्मामीटर आठवला. "काका, त्यानं तर दोनच अंश चढवले होते बे."

३० तारखेच्याच रात्री घर १९ मध्ये दहा वाजता ३६ होते. चुना मारण्याआधी, यापेक्षा मवाळ हवेत, ३८ होते. बातमीत येण्यासारखा हा आकडा नाही.

ठेकेदार कबूल झाला: सहा ते अकरा, मग चार ते सात. लेखी दिलं नाही.

९ जून, रविवार

मृग लागला, ढग येऊन जातात. पारा उतरला पण जीव जास्त घाबरतोय. थर्मामीटरवर आर्द्रता १८ वरून ५५ वर गेली. हवेतच ओल असल्यावर कूलरच्या ताटीवरचं पाणी वाळत नाही, आणि अंगावरचा घामही. कूलर आता नुसता चिकट वारा मारतो. सगळ्यांना सांगितलं: पंप बंद, फक्त पंखा चालवा, खिडक्या उघड्या. हवा चाळीसच्या वर असताना कोरडा पंखा अंगावर गरम झोतच सोडतो, आता तसं नाही. आता तो उपयोगाचा.

फेऱ्या आणखी दोन आठवडे चालू ठेवायच्या. पहिला पाऊस पडला की लोक ऊन विसरतात.

सामान जमा केलं. माठ सहापैकी पाच, एक त्या दिवशी घाईत फुटला. पेंट अर्धा डबा. चुना एक पोतं, तोंड बांधून विहाराच्या खोलीत. थर्मामीटर चार. पाचवा मागायला गेलो तर घर १९ च्या काकू म्हणाल्या, "राहू द्या जी. रातच्याले पाहतो मी. पस्तीसच्या वर गेला का पोरीले घेऊन हॉलमंदी जातो." वहीत तसंच लिहिलं: पाचपैकी चार जमा, एक वापरात.